नीसच्या बाल्कनीतला कुकर

शनिवार, २ ऑगस्ट, हिल्सबरो, ऑकलंड

केतकीकडे जेवायला बोलावलं होतं. आधी तासभर टीव्हीवर त्यांच्या दक्षिण फ्रान्सच्या सहलीचे फोटो. नीसचा निळाशार समुद्र, आणि पुढ्यात बाल्कनीत इलेक्ट्रिक कुकर. लॅव्हेंडरच्या शेतात दोघं नवरा-बायको गॉगल लावून उभे, आणि पायाशी पिशवीत तोच कुकर. ऑकलंडहून एवढा प्रवास करून दहा दिवस खिचडी खाल्ली. मग जायचं तरी कशाला?

वर आम्हाला टिप्स. मूगडाळ इथूनच भाजून न्यायची. हॉटेलात फोडणी खिडकी उघडून द्यायची, म्हणजे धुराचा अलार्म वाजत नाही. समुद्राबद्दल एक शब्द नाही. शेवटी माझ्या लेकीनंच विचारलं, "डिड यू स्विम, मावशी?"

"छे गं, पोहायचे टॉग्ज कुठे ठेवणार? बॅगेत कुकर होता ना."

परतताना गाडीत मी केतकीची यथेच्छ टिंगल केली. माणसं घराबाहेर पडतात, पण स्वयंपाकघराबाहेर पडत नाहीत, वगैरे. नवरा गाडी चालवत होता. घर आल्यावर इतकंच म्हणाला, "निघताना कुकरचं मॉडेल कोण विचारत होतं?"

मीच. फोटोसुद्धा काढून आणलाय.