ओमेशची सही

पिंपळटोला, ता. गोरेगाव, जि. गोंदिया
१४ नोव्हेंबर २०२४

चि. केवलराम यास दादाचे अनेक आशीर्वाद. नूतनलाही सांगावे.

तुम्ही दोघं खुशाल असाल. इकडे धान कापणीला आला आहे. थंडी पडू लागली. हे पत्र शेजारचा केशोराव आणून देईल, तो उद्या सकाळच्या गाडीने नागपूरला येतो आहे. फोन केला असता, पण हे तोंडाने सांगणं मला जमायचं नाही.

यंदाचा तुझा एक फोन सोडला तर बारा वर्षं आपण बोललो नाही. लोकेश अमेरिकेला निघाला म्हणून तू गावजेवण दिलंस आणि मी भर पंगतीत म्हणालो, केवलरामने पोरगं सावकाराच्या दारी चाकरीला लावलं. तू ताटावरून उठलास. तुझं उठणं बरोबर होतं. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

तसं आपलं भांडण त्याच्याही आधीचं. मी विडी कारखान्यात लाल झेंडा धरला. रशियात छापलेली मराठी पुस्तकं टपालाने यायची, ती मी मजुरांना वाचून दाखवायचो. तू म्हणायचास, तिथे माणसाला तोंड उघडता येत नाही. मी म्हणायचो, तुझ्या अमेरिकेत भाकरीही विकत आणि माणूसही विकत. जेवताना आपण असे भांडायचो की आई चुलीपासून उठून निघून जायची. गोंदियाच्या पलीकडे दोघांनीही काही पाहिलं नव्हतं. पुढे ते राज्यही मोडलं. तरी मी हरलो असं कधी म्हणालो नाही.

आताची युक्रेनची लढाई सुरू झाली तेव्हा मी पुन्हा टीव्हीसमोर बसू लागलो. एकीकडे रशियाची फौज, दुसरीकडे अमेरिकेने पाठवलेले तोफगोळे, आणि जळत होती तिसऱ्यांचीच शेतं. मला मात्र बरं वाटायचं, की अमेरिकेला कोणीतरी अडवतो आहे.

माझा ओमेश तिकडे कसा गेला ते तुला माहीत आहे. आयटीआय झाला, वेल्डिंग शिकला, पण पक्कं काम कुठे लागलं नाही. त्या एजंटने रशियात गोदामात काम आहे म्हणून सांगितलं. पोरगं कचरत होतं. मीच म्हणालो, जा, मजुराची कदर असलेला देश आहे. जानेवारीत तो गेला. बर्फात उभा असलेला त्याचा फोटो मी गावभर दाखवला.

फेब्रुवारीत तुझा फोन आला. एवढ्या वर्षांनी तू आपणहून केलास. लोकेशने तिकडून कळवलं होतं, की अशा पोरांना लढाईवर नेत आहेत, ओमेशला लवकर परत बोलवा. मी तुला म्हणालो, अमेरिकेची बातमी अमेरिकेलाच ऐकव, आणि फोन ठेवला. हेही तुला माहीत आहे.

आता जे माहीत नाही ते लिहितो.

गाव म्हणतं, एजंटने फसवलं. मीही सगळ्यांना तेच सांगत आलो, पोलिसांना, पेपरवाल्यांना, ओमेशच्या आईला, कलालासुद्धा. त्याने फसवलं हे खरंच आहे. पण तुझ्या फोननंतर आठ दिवसांनी ओमेशचा फोन आला होता. कला तेव्हा शेतात होती. त्यांना गोदामातून कुठल्याशा छावणीत नेलं होतं आणि सहीसाठी रशियन भाषेतला कागद पुढे केला होता. पंजाबच्या एका मुलाने सही करायला नकार दिला होता. ओमेशने कागदाचा फोटो मला पाठवला आणि म्हणाला, "बाबूजी, मले काहीच समजून नाही राहिलं. तुमी नाही म्हणाल तं नाही करत सही."

तो फोटो मी कोणालाही दाखवला नाही. लोकेशला पाठवला असता तर तासाभरात अर्थ कळला असता. पण तुझ्या मुलाला विचारायचं म्हणजे तुझं खरं मानायचं. मी ओमेशला म्हणालो, "कर सही. तो देश मजुराले दगा नाही देत. आता परत आला तं तुझा काका हासंल."

त्याने सही केली. पंजाबचा तो मुलगा मे महिन्यात घरी पोचला.

ऑगस्टमध्ये ओमेशचे फोन बंद झाले. पुढे दिल्लीहून विचारणा आली, गोंदियाला माझं रक्त घेतलं, आणि मागच्या आठवड्यात ते तिकडे सापडलेल्या देहाशी जुळल्याचं कळवलं. ड्रोनने मेला म्हणतात. त्या दिवशी मी तो फोटो गोरेगावच्या एका मास्तरांकडे नेला. त्यांनी मोबाईलवरच त्याचं भाषांतर करून सांगितलं. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, सैनिक म्हणून भरती.

काल मी कलाला सगळं सांगितलं. ती विळा घासत होती. रडली नाही. विळा खाली ठेवून म्हणाली, "भाऊजीले लिवा. हे सारं लिवा, मंगच बोलवा. अग्नी ते देतीन. तुमी नाही." त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

सोमवारी, अठरा तारखेला, दुपारच्या विमानाने पेटी नागपूरला उतरणार आहे. उघडू नका असं सांगितलं आहे. काकाने ताब्यात घेतली तरी चालतं, अधिकाऱ्यांना मी विचारून घेतलं. माझं संमतीपत्र सोबत जोडलं आहे. त्यावर सही मीच केली आहे.

तू त्याला आण, केवलराम. कलाच्या म्हणण्याप्रमाणे तूच अग्नी दे. मी लोकांच्या मागे उभा राहीन. कोणी विचारलं, बाप काऊन नाही, तर जे लिहिलं ते सांग. लपवू नकोस.

तुझा दादा म्हणून सही करायला बसलो होतो, ते लिहवत नाही.

ओमेशला सही करायला लावणारा,
भोजराज