हळदीच्या अंगाला साबण

पिंपरी, वैशाख वद्य, १९५६

तीर्थस्वरूप उद्धवमामांच्या पायांशी ज्योतीरामचा दंडवत. गुडघा कसा आहे? मामी शेकायला सांगत असतील आणि तुम्ही शेकत नसाल. त्या गुडघ्यापायी माझ्या हळदीला आला नाहीत, ते एका परीनं बरंच झालं.

औषधांच्या कारखान्यात लागल्यापासून (बाटल्या धुतो, पण केमिस्टसाहेबांच्या अगदी शेजारी) मला साबणाचं वेड लागलं आहे. साहेब सांगतात, तेलात मेदाम्लं बांधलेली असतात; कॉस्टिक सोड्यात तेल कढवलं की ती सुटतात आणि सोड्याशी संसार मांडतात, तोच साबण. त्याचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं तेलाकडे. हे ऐकल्यापासून मी जागेपणीच तरंगतो. बुडबुडा उन्हात धरला की त्यात पिंपरी दिसते, कुरुळी दिसते, आणि कडेला रंभा उभी असते. (हे मामींना वाचून दाखवू नका.)

तर लग्नासाठी मी खोबरेलाचा साबण घरीच केला. वड्या महिनाभर मुरायला हव्या होत्या, नाहीतर उरलेला सोडा अंगाला झोंबतो; पण माझ्यात तेवढा धीर कुठला! सुपारी फुटली तेव्हा ताटातून एक वडी रंभेलाही गेली. कुरुळीच्या आपल्या घरी हळद लागली, अंगावर पाणी पडलं, मी डोळे मिटून वडी चोळत स्वप्नात रंगलो. जागा झालो तो सुभद्राआत्याच्या किंकाळीनं, "आगं बया, पोराला देवी आल्या!" पाहतो तर अंगभर लाल. (हळदीला चुना लागला की कुंकू होतं हे घरातल्या बायांना ठाऊक, साबणातही तसाच खार असतो हे मला ठाऊक, ऐन वेळी सुचलं कुणालाच नाही.) उष्टी हळद न्यायला आलेले रंभेचे वडील आबाजी दारातूनच माघारी पळाले. लग्न थांबलं आहे. मामा, रंभा हातची गेली तर मी काय करू, मला खरंच कळत नाही.

आपला भाचा,
ज्योतीराम

ता. क. पत्र पेटीत टाकायचं राहिलं, तेवढ्यात हे कळलं. रंभेनं आबाजींसमोर हाताला हळद लावून माझी वडी चोळली, हात लाल. वर चिंच चोळली; हात पिवळा. आबाजी तो हात उलटसुलट करून बघत म्हणाले, "लगीन व्हईल. पर त्या साबणाची कढई पोराच्या घरात दिसाया न्हाई पायजे." तेव्हा वरचं रडगाणं सोडून द्या.

आणखी एक, खरं काम हेच. बैलगाडी पाठवा आणि कढई तुमच्या गोठ्यात नेऊन ठेवा. मी ती मोडीतच घालणार होतो, पण आत्याकरवी रंभेचा निरोप आला: "टाकू नगा. लगीन झाल्यावर मामांकडं जायाचंच हाय. पर या खेपेला वडी मुरू द्या, माजा हात अजून चुरचुरतोय."