दुकान वाढवायचं

सोमवार, ३ फेब्रुवारी

मृदुलाने आज मला दुकानातून हाकललं! हाकललं म्हणजे — "जरा घरी जाऊन पेपर वाचा," म्हणाली. अर्थ तोच.

शुक्रवारी कंपनीने स्वेच्छानिवृत्ती दिली. शाल, भाषणं, नारळ. (नारळ खराच होता. म्हणीतला नव्हे — निदान मी तरी तसंच धरून चाललोय.) चाकणला प्लॅनिंग डिपार्टमेंटमध्ये उभी हयात गेली. कुठल्या शिफ्टला कुठला पार्ट किती लागणार ते मी ठरवायचो, आणि खाली सगळे मुकाट करायचे. आता ठरवायला काही नाही, म्हणून सकाळी बायकोच्या पोळीभाजी केंद्रात जाऊन बसलो. आकुर्डीत, आमच्याच बिल्डिंगखाली एक गाळा. कॉलेजची पोरं, शिफ्टवाले, दोघंही नोकरी करणारी जोडपी — गिऱ्हाईक बरं आहे.

विचारलं, "आज किती पोळ्या करायच्या?"

म्हणाली, "लागतील तेवढ्या."

लागतील तेवढ्या! हे काय नियोजन झालं? मी हसलो, ते तिला दिसलं. मग पेपर.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

ओवीची अकरावी कॉमर्स. जेवताना विचारलं, "बाबा, बाजाराची अर्थव्यवस्था आणि हुकमाची अर्थव्यवस्था यांत फरक काय?"

विषय माझाच निघाला! सांगितलं — हुकमाच्या व्यवस्थेत वर बसलेला ठरवतो. काय करायचं, किती करायचं, कुणाला द्यायचं, काय भावाने. बाजारात असं ठरवणारा कुणी एक नसतो. लोक मागतात, विकणारे विकतात. माल कमी पडला की भाव चढतो, उरला की उतरतो, आणि भाव बघून ज्याचं त्याला कळतं.

ओवी म्हणाली, "म्हणजे तुमची कंपनी हुकमाची आणि आईचं दुकान बाजाराचं."

म्हटलं, कंपनी गाड्या बाजारातच विकते. हां, गेटच्या आत मात्र हुकूमच. आत गेल्यावर कुणी भाव करत नाही.

"मग तुम्हाला आत करमायचं, म्हणून आता करमत नाही." जीभ आईची घेतलीय पोरीने.

मृदुला आमटी वाढता वाढता म्हणाली, "एवढी हौस आहे तर घ्या महिनाभर दुकानाचं नियोजन. मी मध्ये बोलणार नाही."

झोप लागत नाही इतका आनंद झालाय.

सोमवार, १० फेब्रुवारी

तक्ता भिंतीवर लावला. सोमवार बटाटा, मंगळवार गवार, बुधवार वांगं, गुरुवार दुधी, शुक्रवार उसळ, शनिवार पुन्हा बटाटा. पोळ्यांचा आकडा रोजचा ठरलेला. वाया काही जायचं नाही, कमी काही पडायचं नाही.

पोळ्या लाटायला मंजुळाबाई असतात. लातूरकडच्या, राहायला कासारवाडीत. त्यांना तक्ता समजावून सांगितला. "बरं साहेब," म्हणाल्या. एक प्रश्न नाही, एक तक्रार नाही! कंपनीत याला आम्ही शंभर टक्के सहमती म्हणायचो.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

गवार उरली. रात्री घरी गवार.

बुधवार, १२ फेब्रुवारी

डब्यात गवार. ओवी म्हणाली, "अतिरिक्त उत्पादन!" डबा तसाच परत आणला.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

एक गंमत लिहून ठेवतो. तक्त्यात पोळ्यांचा आकडा नगावर होता. मंजुळाबाईंनी आकडा रोज भरला, अगदी वेळेच्या आत. मी खूश! मग सुजित आला. हा चाकणला शिफ्टला जातो, एकटाच राहतो, रोज आमच्याकडेच जेवण नेतो. म्हणाला, "काका, पोळी आहे का पुरी?" बघतो तर खरंच, तळहाताएवढी.

म्हणून कालपासून हिशोब वजनावर नेला. एवढ्या किलो पोळ्या झाल्या पाहिजेत. आज सुजित म्हणाला, "काका, आज भाकरी का?"

मंजुळाबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "तुमी सांगिटलं तसंच केलंय साहेब." खोटं एक अक्षर नाही. मी जे मोजलं ते त्यांनी दिलं. चांगली पोळी पाहिजे असं मी कुठे म्हटलं होतं?

मृदुला कोथिंबीर निवडत होती. तिचे खांदे हलत होते. वर बघितलं नाही.

बुधवार, २६ फेब्रुवारी

तक्त्याप्रमाणे बुधवार — वांगं.

आज महाशिवरात्र होती!

स्वतः उपास धरला, सकाळी रताळी खाल्ली, आणि खाली येऊन वांग्याला फोडणी घालायला सांगितली! माणसं यायची, "खिचडी आहे का?" विचारायची आणि समोरच्या गाडीवर जायची. त्याचा साबुदाणा दुपारीच वाढला. (हा शब्द आज सहज लिहून गेलो. आई असंच म्हणायची.)

मृदुलाला म्हटलं, "अगं, सांगायचं तरी!"

"मध्ये बोलायचं नाही असं ठरलं होतं."

वांगी भरपूर आहेत. उद्या ज्याला हवीत त्याला देऊन टाकणार.

सोमवार, ३ मार्च

आज जे झालं त्याला तोड नाही.

मी चिंचवडला बँकेत. मंजुळाबाईंचा फोन — "साहेब, पीठ वाढलंय बगा." गडबडीत होतो. वाढलंय म्हणजे जास्त झालंय. "ठीक आहे," म्हटलं आणि लगेच चक्कीवाल्याला कळवलं — आज पाठवू नका, माल शिल्लक आहे. मनात स्वतःची पाठ थोपटली. खालून बातमी आली, वरून निर्णय गेला!

परत आलो तर दुकानात पिठाचा कण नाही. दारात गिऱ्हाईक उभं. सुजित शिफ्टवरून थेट आलेला, डोळे भुकेने बारीक झालेले.

"बाई, पीठ वाढलंय म्हणालात ना?"

"व्हय की. वाढलं. सकाळीच."

"मग गेलं कुठे?"

मंजुळाबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "अवं, आन्नाला संपलं म्हनत्यात व्हय साहेब?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं! मला का हे ठाऊक नाही? आमच्याही घरात तांदूळ कधी संपले नाहीत, वाढलेच. दिवा विझवला नाही, वाढवला. बांगडी फुटली नाही, वाढली. पण कंपनीत एवढी वर्षं 'स्टॉक वाढला' ऐकून ऐकून कान तिकडचे झालेत. बाईंनी खरं तेच सांगितलं, मी ऐकलंही नीट, आणि तरी उलटं झालं!

मृदुला वर गेली, घरातला कणकेचा डबा घेऊन आली, पदर खोचला आणि लाटायला बसली. सुजितला पहिल्या पोळ्या दिल्या.

मंगळवार, ४ मार्च

तक्ता मी स्वतः भिंतीवरून उतरवला. मृदुला म्हणाली, "महिना व्हायचाय अजून." म्हटलं, पुरे. मग दोघंही हसलो. बरेच हसलो.

शुक्रवार, ७ मार्च

आता मी कोपऱ्यात स्टुलावर बसून लसूण सोलतो. पेपर वाचायला कुणी पाठवत नाही.

ती काय करते ते बघतोय. सकाळी येणाऱ्या प्रत्येकाला विचारते — "संध्याकाळी काय पाहिजे?" कॉलेजला सुट्टी कधी, कुठल्या कंपनीत ओव्हरटाइम चालू, सगळं तिला त्यातूनच कळतं. पोळ्यांची चवड खाली आली की मंजुळाबाईंना नुसती मान हलवते, की पुढचा घाणा. मेथी महाग झाली तर भाव वाढवते, आणि लोक आपोआप बटाट्याकडे वळतात. कुणाला सांगावं लागत नाही. कधी कधी मात्र उलटं — "घेवडा राहू दे आज, जून आहे. उसळ न्या." आणि लोक नेतात! हाही हुकूमच की. पण आधी दहादा विचारलेलं असतं, म्हणून चालतो.

कंपनीत आम्ही कानबानची पद्धत आणली होती. पुढच्याने मागितल्याशिवाय मागच्याने बनवायचं नाही. चाकणच्या सगळ्या व्हेंडरांना मी ती शिकवली, पडद्यावर चित्रं दाखवून. त्याचं मराठी 'लागतील तेवढ्या' हे बायकोला आधीपासून ठाऊक!

लसूण छान सोलतो मी. मंजुळाबाई म्हणाल्या.

गुरुवार, १३ मार्च

होळी. पुरणपोळीला रांग! मृदुलाने सकाळी एक भाव लावला, दुपारी रांग जिन्यापर्यंत गेली तसा चढवला. म्हटलं, बघ ओवी, हा बाजार.

तेवढ्यात मागच्या बिल्डिंगमधल्या इंद्रायणीकाकू आल्या. एकट्या असतात, पैसा बेताचा. मृदुलाने त्यांना रांग मोडून आत घेतलं, गरम पोळ्या बांधून दिल्या आणि भाव गेल्या वर्षीचा लावला. रांगेतलं कुणी चकार शब्द बोललं नाही.

ओवी म्हणाली, "आई, हा कुठला भाव? बाजार तर नव्हे."

"बाजार नाही, शेजार आहे."

ओवी म्हणते, पेपरात 'मिश्र अर्थव्यवस्था' आली तर ती हेच लिहिणार.

आज पुरण वाटलं मी. हात भरून आलेत. फार बरं वाटतंय. इतकं बरं कंपनीत शेवटचं कधी वाटलं होतं, आठवत नाही.

मंगळवार, १८ मार्च

संध्याकाळी शेगडी पुसता पुसता मृदुला म्हणाली, "पाडव्याला दुकान वाढवायचं. ठरवलंय मी."

आणि नळाकडे गेली.

वाढवायचं. आता मला अर्थ कळतो. रात्री शटर ओढतानाही ती असंच म्हणते — चला, दुकान वाढवू या. पण ते रोजचं. पाडव्याला म्हणजे कायमचं.

गुडघे दुखतात तिचे, मला माहीत आहे. उभं राहून राहून. आणि मी त्या महिन्यात निम्मं गिऱ्हाईक समोरच्या गाडीवर घालवलं.

विचारलं नाही.

गुरुवार, २० मार्च

गाळ्याचा मालक आला होता. मृदुला आणि तो मागे उभे राहून बोलत होते. मी गेलो तशी गप्प झाली दोघं.

शेजारचा ज्ञानेश टेलर मशिनं बांधतोय. सांगवीला जातोय म्हणे. ही सगळी ओळच उठणार बहुतेक.

शनिवार, २२ मार्च

आज पाटी काढली. पेंटर घेऊन गेला. जुनी शेगडी भंगारवाल्याला दिली — तिच्यावर तिने दुकान उभं केलं, आणि देताना तिचा चेहरा हसरा! सुटली बिचारी, असं वाटलं मला.

मंजुळाबाई गाणं गुणगुणत होत्या. दुसरीकडे काम मिळालं असणार. मिळू दे, चांगली बाई आहे.

सुजितने विचारलं, "काका, पाडव्यापासून काय मग?" म्हटलं, "बघू." तो हसला. तरुण आहे, त्याला कुठेही जेवण मिळेल.

मंगळवार, २५ मार्च

इथे तरी खरं लिहू. मला हे दुकान हवंय. ते स्टूल हवंय, लसूण हवाय. चाकणला मी हजारो गाड्यांचं नियोजन केलं, त्यातली एकही घेणारा माणूस डोळ्यांनी बघितला नाही. इथे पोळी नेणाऱ्याचं तोंड दिसतं.

सकाळी ठरवलं होतं, तिला सरळ सांगायचं — दुकान बंद करायचं नाही! मग लक्षात आलं, हा हुकूम झाला. दुकान तिचं, गुडघे तिचे. हुकूम द्यायचा नाही. आणि विचारायची छाती होत नाही — "हो" म्हणाली तर?

लसूण सोलला. जास्तच सोलला गेला.

शुक्रवार, २८ मार्च

ओवीचा अर्थशास्त्राचा पेपर झाला. फरकाचा प्रश्न आला! तिने पोळ्यांचं उदाहरण दिलं — नगावर पुरी, वजनावर भाकरी. "बाबा, तुमच्यामुळे मार्क मिळणार!" चला, माझ्या नियोजनाचं काहीतरी कामी आलं.

माझा पडलेला चेहरा बघून दोघी मायलेकी आत काहीतरी कुजबुजतात. मी विषय काढत नाही.

रविवार, ३० मार्च. गुढीपाडवा

सकाळी खाली गेलो, डोळे पाण्याने भरलेले. गुढी दुकानाच्या दारात! नवी पाटी — दोन गाळ्यांएवढी लांब. टेलरच्या आणि आमच्या मधलं प्लायवूड काढलेलं. आत नवी शेगडी. मंजुळाबाई नव्या साडीत.

"अगं, तू तर म्हणालीस दुकान वाढवायचं!"

"मग? वाढवलंच की!"

"मला वाटलं — बंद."

मृदुला मटकन माझ्या स्टुलावर बसली. आधी हसली, मग डोळे पुसले. "म्हणून इतके दिवस तोंड पाडून बसला होतात? मला वाटलं, तुम्हाला नकोच आहे. मग विचारलंत का नाही?"

तिने नव्या गाळ्याची किल्ली हातात ठेवली. "काउंटर तुमचं. काही ठरवायचं नाही. येईल त्याला फक्त विचारायचं."

काउंटरमागे उभा राहिलो. गिऱ्हाईक अजून आलं नव्हतं. समोर तीच होती.

विचारलं, "काय देऊ?"

म्हणाली, "चहा. आणि तुमचाही करा."