वाऱ्याच्या आडोशाला

३ फेब्रुवारी १९९७, जैसलमेर
सायकल मारत पोहोचलो एकदाचे! शिवाजी पेठेतून निघताना तालमीतल्या पोरांनी हार घातले आणि पाठ वळताच, हे साताऱ्याहून परत येतात म्हणून पैज लावली. बसा आता बोंबलत. उद्यापासून खरं वाळवंट, बिकानेरला शेवट, मग रेल्वेनं घर. ज्ञानू पेठेच्या फुटबॉल संघाचा गोली, अंगानं दणकट. पण सायकलीची हौस माझी, तो माझ्या शब्दाखातर आलाय. त्याच्या आईला, बयाकाकूंना, मी सांगून आलोय की जसा नेतोय तसा आणून देईन.

५ फेब्रुवारी
पन्हाळ्याचा चढ बरा, त्याला माथा तरी असतो. इथे रस्ता सपाट आणि दिवसभर समोरून वारा. एकानं पुढे राहून वारा खायचा, दुसऱ्यानं त्याच्या मागच्या चाकाला चिकटून दम घ्यायचा, मग अदलाबदल. तरी मांड्यांचा भुगा झालाय. दुपारी मागून एक सायकलवाला येताना दिसला. एकट्या माणसाला हाक मारल्याशिवाय आपल्याला राहवत नाही. ज्ञानू ओरडला, "या की पावणं, आमच्यात या." तो आला आणि सरळ पुढे लागला. त्याच्यामागे वारा अजिबात लागेना. इतकं बरं वाटलं की आभार मानायचंही राहिलं.

६ फेब्रुवारी
पावणा आजही पुढे. तोंड अजून दिसलेलं नाही, वळतच नाही. जेवायला बोलावलं तर लांब सायकल धरून, पाठ करून उभा राहिला. ज्ञानू त्याच्या चाकामागून हलत नाही, माझी पाळी आली तरी जागा देत नाही. भूक नाही म्हणतो, तहान नाही म्हणतो. चिडून मी त्याच्या तोंडाला बाटली लावली, तर त्यानं पाणी हनुवटीवरून सांडू दिलं. मला भीती वाटायला लागलीय.

७ फेब्रुवारी
ज्ञानूचं मागचं टायर फाटलंय. नुसत्या रिमवर चालवतोय, त्याला पत्ताच नाही. थांब म्हणून ओरडलो, तर म्हणाला, लई हलकं वाटतंय. ओठ फुटून रक्त आलंय आणि हसतोय. ट्रक दिसला की त्याला उचलून आत टाकणार. पण ट्रक — सकाळपासून एकही नाही.

८ फेब्रुवारी
उठलो तर ज्ञानू नाही. लांब दोघं वाळूत चाललेले दिसले, रस्ता सोडून. मागे निघालो. वाळूत माग एकाच सायकलचा.

दुपार
सापडला. खेजडीच्या झाडाखाली, सायकलसकट आडवा. अंग ताठ झालंय. पाण्याच्या बाटल्या भरलेल्या, तशाच. तोंडावर टॉवेल टाकला. बयाकाकूंना मी काय — कुठल्या तोंडानं —

रस्त्यावर परत आलोय. वारा. पाय उचलत नाहीत. पुढे दोन सायकली थांबल्यात. एक पावणा. दुसरी पाठ ज्ञानूची.
आत्ता तर मी त्याच्या तोंडावर टॉवेल —
तोही वळत नाही. आवाज मात्र त्याचाच. "ये की शशा. दमलायस न्हवं?"
त्याच्यामागे एका सायकलपुरती जागा ठेवलीय.
व्हय. दमलोय. लई दमलोय. जरा वेळच मागे राहीन, नुसता दम खाईपर्यंत, मग लगेच —