तळ्याला पाजलेलं जीवामृत

२९ ऑगस्ट
अण्णा आज परत तळ्यावर. पोळ्या झाकून ठेवल्या होत्या, तीनला उगवले. गुडघ्यापर्यंत चिखल आणि चेहरा पोरीचं लग्न जमल्यासारखा. "कुसुम, शेवटची जलपर्णी निघाली बघ. आता पाणी उघडं झालं." उन्हाळ्यापासून तळं साफ करणाऱ्या समितीची माणसं ती वेल ओढत होती.
वहिनी गेल्यावर माझा हा थोरला भाऊ करकंबची शेती सोडून शुक्रवार पेठेत माझ्याकडे आला, तेव्हा वर्षभर कुणाशी धड बोलला नव्हता. तळ्याने त्याला माणसात आणलं. चिखलाची फरशी मी आनंदाने पुसते. पण कुरकुरत, नाहीतर सवय लागायची.

६ सप्टें.
समितीची बैठक आमच्याच घरी. चहा मी करायचा, बोलायचं त्यांनी. पाऊस झाला, तळं भरलं, पण पाण्याला वास आहे. उपाय अण्णांनीच काढला: जीवामृत. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, मूठभर बांधावरची माती. "मेलेली जमीन उठून बसती त्यानं. माजा ऊस बगितलाय की तुमी." अर्धी समिती खेड्यातून आलेली, सगळ्यांच्या माना डोलल्या. पद्माक्का म्हणाल्या, "पीठ आमी देतो की अण्णा, घराघरातनं." त्या तळ्याकाठीच राहतात, सासरे कापडाच्या मागावर कामाला होते, बायकांची सगळी फळी त्यांच्या हातात.
मी म्हटलं, तळ्याला झुणका खाऊ घालताय होय? कुणी हसलं नाही.

१५ सप्टें.
शाळेला सुट्टी, म्हणून गेले. काठावर पिंपं, तोंडाला गोणपाट. अण्णा लांब काठीने ढवळतात, उजवीकडूनच. कुणी उलटी काठी फिरवली की ओरडतात. बायका बेसनाचे डबे घेऊन येत होत्या. मलाही काठी दिली. खरं लिहिते, छान वाटलं. हात दुखले तरी सोडवेना.

२७ सप्टें.
गणपती तळ्यात सोडू दिले नाहीत, सगळे कुंडात. भांडण नाही, पोलीस नाही. अण्णांचा शब्द चालतो आता.
पिंपं ओतून झाली. वास खरंच कमी आहे. पाण्यावर हिरवी झाक आलीय. अण्णा खूश. "काळोखी आली बग." उसाला गर्द हिरवा रंग चढला की असंच म्हणतात ते. लगेच आणखी पिंपं लावायचं ठरलं.

५ ऑक्टो.
ऊन भयंकर. वारा पडलेला. तळं आता नुसतं हिरवं नाही, दाट झालंय. काठाला रंगाचा डबा सांडल्यासारखं. हात बुडवून काढला तर बोटांना चिकटलं, आणि वास वेगळाच, कुबट.
तळ्यात मासे धरणारे रफिकभाई जाळं गुंडाळून बसले होते. "टीचर, सुबू सुबू मच्छी सब ऊपर आको मुं खोल रई. ऐसा कब्बी नै देखा मैं."
अण्णांना सांगितलं. "खाद्य गावलं त्यास्नी. तोंड उगडणारच की."
शेतकऱ्याला हिरवं दिसलं की जीव दिसतो. मलाही दिसायचा. आज नाही दिसला.

८ ऑक्टो.
मधल्या सुट्टीत विज्ञानाच्या माने सरांना सहज म्हणून सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला. "मॅडम, जमिनीला खत दिलं की पीक येतं. पाण्याला दिलं की शेवाळ येतं. ते रात्री आणि सडताना पाण्यातला प्राणवायू खातं, म्हणून मासे वर येतात. आणि काही जातींचं शेवाळ विषारी असतं." कुठल्या जातीचं ते तपासल्याशिवाय कळणार नाही. बाटली भरून घेऊन गेले, ओळखीच्या प्रयोगशाळेत देतो म्हणाले.
पुढचे दोन तास मुलांना काय शिकवलं देव जाणे.

११ ऑक्टो.
घट बसले. सकाळी अण्णांसोबत तळ्यावर. काठाकाठाने मेलेले मासे, पोटं वर. सगळी समिती जमलेली. अण्णा म्हणाले, "वरनं नाल्यात कुणीतरी कायतरी सोडलं." सगळ्यांना पटलं. पटणारच, त्यात आपल्यातल्या कुणाचंच काही जात नाही.
जेवताना सरांचं बोलणं सांगितलं. अण्णांनी ताट बाजूला सारलं. "ईख, जहर म्हंतीस व्हय? शेणाला, गुळाला? तुजं सर कवा बांदावर गेल्यात का?" मग खालच्या आवाजात: "आन् ह्ये बी चुकलं आसंल, तर मी हितं काय करायचं गं?"
भात परत गरम करून दिला.

१४ ऑक्टो.
रफिकभाईंची शेळी मेली. सकाळी तळ्यावर पाणी प्यायली, दुपारी पाय झाडत पडली. अण्णा म्हणाले, कोवळा पाला खाऊन पोट फुगलं. म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही. म्हणजे त्यांच्याही मनात आहे. मला वाटलं, आता थांबतील.
कसले थांबतात. रविवारी तळ्याची ओटी भरायची म्हणे. खण, नारळ, हळदकुंकू. मग अण्णांनी पहिली ओंजळ प्यायची आणि जमलेल्या सगळ्यांना तेच पाणी तीर्थ म्हणून द्यायचं. पद्माक्का घरोघर सांगत फिरतायत.

१७ ऑक्टो.
सरांचा फोन. रिपोर्ट आलेला नाही, पण कुणालाही पिऊ देऊ नका.
अण्णांच्या हातापाया पडले. नळाचं पाणी तांब्यातून नेऊ, तेच तीर्थ म्हणू, कुणाला कळणार नाही. "देवाला फसवतीस?" म्हटलं, देवाचं राहू द्या, मला तुमच्या जिवाची भीती वाटते. अण्णा उठून गॅलरीत जाऊन बसले.
पद्माक्कांकडे गेले. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. "खरं असंल हो बाई. पण अण्णांला मी कसं म्हणू? तुमी बहीण, तुमी सांगा की सगळ्यांसमोर."
वा. म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा मीच बांधायची.

१८ ऑक्टो., रविवार
सांगितलं. सगळ्यांसमोर.
ओटी भरून झाली, नारळ फुटला, अण्णा पाण्यात उतरले आणि मी मोठ्याने म्हणाले, हे पाणी कुणी पिऊ नका, तपासायला दिलंय, शेवाळ विषारी असू शकतं. आवाज फाटला माझा. आयांनी लेकरं मागे ओढली. कुणीतरी म्हणालं, "अण्णांची सख्खी बहीणच असं म्हणती मग?" तेवढंच पुरलं, लोक मागे सरकले.
अण्णा वळले. रागावले असते तर परवडलं असतं. नुसते बघत राहिले माझ्याकडे. मग वाकले, हाताने वरची साय बाजूला केली आणि ओंजळ भरून प्याले. पुन्हा भरली. पुन्हा प्याले. मी गप्प राहिले असते तर तोंडाला लावल्यासारखी एकच ओंजळ घेतली असती त्यांनी. माझ्या बोलण्याने त्यांना जास्त प्यावं लागलं.
घरी आल्यावर म्हणाले, "चव चांगली हाय."

१९ ऑक्टो.
दवाखान्यात, बाकावर बसून लिहितेय. पहाटेपासून उलट्या, दुपारी उभंही राहवेना. अण्णा मला म्हणाले, "डाक्टरला ऊन लागलं म्हनून सांग. तळ्याचं नाव काडू नगंस, लोकं परत येणार न्हाईत कामाला." हात घट्ट धरला होता. मी हात सोडवून घेतला आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं. अण्णांनी डोळे मिटून घेतले.
डॉक्टरांनी रक्त घेतलं, यकृताचं बघावं लागेल म्हणाले. मग विचारलं, "अजून कोण कोण प्यायलं?"
काल अण्णा प्याल्यावर लोक पुढे सरकल्याचं आठवतं. त्यांच्या मानापायी काही ओंजळी पुढे आल्या होत्या, बांगड्यांचे हात होते, एकदोन लहान हातही. पण कुणाचे ते सांगता येईना. मी सगळा वेळ फक्त अण्णांकडे बघत होते.
एकेकाला फोन लावतेय. चार घरांत नाही म्हणाले, एका घरात "का विचारता" म्हणून ठेवून दिला. माने सर तळ्यावर गेलेत, लोकांना अडवायला. पद्माक्का काल अण्णांच्या अगदी मागे उभ्या होत्या, ताट घेऊन. सकाळपासून त्यांचा फोन वाजतोय, कुणी उचलत नाही. अण्णांचं सलाईन संपलं की रिक्षा करून पद्माक्कांच्या घरी जाते.