बावीस घरांचा तक्ता

१६ सप्टेंबर

सगळं बदललं ते आज सव्वाअकराला — कृष्णकांत सरांनी माझ्या हातात खडू दिला तेव्हा!

याच कॉलेजात तिसऱ्या वर्षाला तोंडी परीक्षेत परीक्षकाच्या अंगावर जर्नल फेकून शिक्षण सोडलं होतं. आज तिथेच, माझ्याच बॅचसमोर. ती पोरं आता शेवटच्या वर्षाला. मी पळस्प्याच्या सोलरवाल्याकडे वायरमन. डोंगराखालच्या कातकरी वाडीत बावीस घरांना वीज द्यायचा प्रोजेक्ट त्यांनी घेतलाय. सरांचं म्हणणं, पोरांना गणितं येतात, वायर सोलता येत नाही. तू शिकव.

मागून भावेश म्हणाला, "सर, हजेरी लावणार ना?" वर्ग हसला. खडू फेकणारच होतो. पण पहिल्या बाकावर ऋचा. ती हसली नव्हती.

१९ सप्टेंबर

ऋचाने वायरचा पहिला जोड केला. ओढून पाहिला, सुटला नाही. "बरोबर?" म्हणाली. मी नुसती मान हलवली. गाढव!

२५ सप्टेंबर

ऋचाने तिचा वाडीतल्या घरांचा तक्ता दाखवला. ऑगस्टमध्ये चिखल तुडवत घरोघर फिरून केलाय. माणसं किती, मोबाइल किती, दिवा किती तास लागेल. छपरावर पॅनल, भिंतीवर दोन दिवे. इतकं स्वच्छ काम मी आयुष्यात केलं नाही.

एक गोष्ट मात्र तिला माहीत नाही, मला आहे. दिवाळी झाली की वाडी रिकामी होते. पोराबाळांसकट सगळे वीटभट्टीवर — पाऊस येईपर्यंत. आणि ते आमच्याच काकांच्या भट्टीवर येतात. लहानपणी त्यांना आणायला जाणाऱ्या ट्रकमध्ये काकांशेजारी मी बसायचो!

आणि मी गप्प बसलो. ती इतकी खूश होती.

४ ऑक्टोबर

वाडीवर गेलो. ऋचाने पारूबाईला विचारलं, दिवा कुठे लावू? पारूबाई वयाने मोठी, वाडीत तिचं ऐकतात. तिने कुडाची भिंत थोपटली. मग म्हणाली, "दिवाली झाली का आमी भट्टीवर. मंग हा कोनाला दिसंल? उंदरांना?"

सगळ्या बायका हसल्या. ऋचाने वही मिटली.

६ ऑक्टोबर

आज वर्गात वायर, फ्यूज काही नाही. फळ्यावर बारा महिने लिहिले. विचारलं, या घरात माणूस कधी असतो? एकेक महिना खोडत गेलो. उरले पाच-सहा. मी म्हणालो, आपण घरांना वीज देतोय, माणसांना नाही.

छान वाक्य! टाळ्या मिळाल्या असत्या. पण ऋचाने विचारलं, "नीलेश, तू विचुंब्याचा, भट्टीवाल्यांच्या गावचा. तुला हे आधी माहीत नव्हतं?"

होतं म्हणालो. कारण नाही सांगितलं. कसं सांगणार?

"मग तू शिकवत कशाला होतास?" म्हणाली आणि निघून गेली.

११ ऑक्टोबर

सामान मागवलं नव्हतं म्हणून वाचलो. सरांनी तक्ता रद्द केला नाही. म्हणाले, खोडा, पण का खोडलं ते शेजारी लिहा. आता घरटी एक डबा — आत बॅटरी, वर हातभर पॅनल, एक दिवा. उचलून कुठेही न्यायचा. ऋचा माझ्या टेबलावर येऊन बसली. कामापुरतं बोलते. तेही पुष्कळ.

नमुना घेऊन वाडीवर गेलो. पारूबाईने तो तीनदा चालू-बंद केला. "बंद करायचा आमच्याच हातात ना?" एवढंच विचारलं तिने. मी हो म्हणालो. काय विचारतेय ते कळलं नाही.

२८ ऑक्टोबर

काकांना सांगितलं, यंदा लोक दिवे घेऊन येतील. वाटलं कटकट करतील. खूश झाले! "बरा झाला रं. पाटंचे दोन घंटे जास्त विटा पाडतील."

बाबा गेल्यापासून आम्ही यांच्याच घरात. माझं जेवण, माझी वाया गेलेली फी, सगळं याच विटांचं. पारूबाई त्या दिवशी काय विचारत होती ते आता कळलं. वर्गात याचं काय शिकवू? उजेड दिला की तो कोण वापरेल हे कुठल्या पेपरात येतं?

ऋचाला सांगितलं. या वेळी लगेच.

३ नोव्हेंबर

ट्रक गेला. कोंबड्या, भांडी, पोरं — आणि मांडीवर बावीस डबे.

१९ नोव्हेंबर

हे रिक्षात लिहितोय. सकाळी ऋचाचा फोन आला. पारूबाईने तिला कळवलंय — काकांनी सगळे डबे काढून घेतले, विटा पाडायच्या जागेवर उंच बांबूंना टांगले. झोपड्यांत अंधार. लोकांना रात्री दोनला उठवतात.

काकांना विचारलं. ताटावरून मान वर न करता म्हणाले, "भट्टी माजी हाय. ज्याला पटत नाय त्याने या घरान राहू नये."

ओरडलो नाही. हत्यारांची पिशवी घेतली, दोन शर्ट कोंबले. ऋचा आणि सर डबे उतरवायला शिडी घेऊन भट्टीच्या रस्त्याला पोचतायत. आई म्हणाली, जेवून तरी जा. तिला म्हटलं, आज नको. आणि बाहेर पडून दार ओढून घेतलं.