दगडाखालची काटकी

तांबरम, रविवार

ती. आईस, पाया पडते.

मी मजेत आहे. काल ऑफिसची वरात महाबलीपुरमला गेली होती. तिथे उतारावर एक अजस्र गोल दगड आहे. घरी स्वतःचं ताटही न उचलणारे आमचे साहेब तो ढकलत असल्याचे फोटो काढून घेत होते. माकडं नुसती!

कंबर दुखू नये म्हणून गडाच्या वाटेवर तू दगडाखाली काटकी उभी करायचीस, तशी मी एक लावली, तुझ्यासाठी. लगेच पहारेकऱ्याची शिट्टी! त्याने मला तमिळमध्ये झापलं, काटकी काढून फेकली. माकडं खदाखदा हसली. ढकलणारे शहाणे आणि टेकू देणारी मी खुळी!

तो पाठमोरा होताच मी दुसरी लावली.

कंबर कशी आहे? दादासारखं नुसतं ‘बरी आहे’ लिहू नकोस.

तुझी,
रेवा